मुळाचं झाड, शेवाळाचं रान

दिवाळीच्या किल्ल्यावर अळीवच का पेरायचे, याचं उत्तर बाळंतिणीच्या खिरीत आहे. अळीव पाण्यात पडले की प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत थर धरतो. खीर दाट होते ती त्यानंच, आणि तोच थर दाण्याला किल्ल्याच्या कड्याला धरून ठेवतो. मोहरी पेरून पाहावी. अर्धी घरंगळून पायथ्याच्या तळ्यात जाते. भिजवलेले अळीव मात्र चिखल फासलेल्या गोणपाटावर उभ्या चढालाही चिकटतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिथंच मोड काढतात. आमच्याकडे हे काम आजी स्वतः करायची. खिरीला लागतात तेवढे डब्यात उरवून बाकीचे आम्हाला द्यायची आणि बजावायची, "शिंपड, ओतू नको. मुळं उघडी पडली की संपलं."

किल्ल्यावरचा मातीचा मावळा साधारण पाच सेंटिमीटरचा. खरा माणूस साडेपाच फुटी धरला तर हे प्रमाण एकास तेहतीसच्या आसपास येतं. वसुबारसेला अळीव दोन सेंटिमीटर वर आलेले असतात, म्हणजे मावळ्याच्या जगात मांडीएवढं गवत. नरकचतुर्दशीला ते चार सेंटिमीटर होतात आणि मावळा छातीएवढ्या रानात उभा दिसतो. भाऊबीजेला पुरुषभर उंचीच्या जंगलात त्याचा भाला तेवढा दिसत राहतो. शिवाय सगळं रान ज्या बाजूनं ऊन येतं तिकडे झुकलेलं. महाराज मुळातच दरवाजापेक्षा उंच असल्यामुळे त्यांना काही अडचण येत नाही.

पुढे मी प्लॅस्टिकचे रणगाडे आणि रेल्वेची इंजिनं जोडायला लागलो, त्यांच्याभोवती जमीन आणि झाडं उभी करायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की या भाऊबीजेच्या जंगलाची अडचण फार जुनी आहे. छोट्या जगात झाड कशाचं करायचं? खरी वनस्पती वापरली तर ती आपल्या मापात राहत नाही आणि आपल्या वेळेतही राहत नाही. मला तरी या साऱ्या इतिहासात एकच सूत्र दिसतं: देखावा किती दिवस टिकवायचा, यावर त्यातली वनस्पती ठरते. किल्ला आठवड्याचा, म्हणून त्यावर जिवंत अळीव चालतात. त्याहून जास्त दिवस हवे असतील तर वनस्पतीला आधी मारावं लागतं, किंवा मेलेलीच शोधावी लागते.

जिवंत झाडालाच लहान ठेवायचा प्रयत्न चिन्यांनी केला. शिआनजवळ च्यानलिंग इथं थांग घराण्यातल्या चांगह्वाय राजपुत्राची कबर आहे. तिच्यातल्या इ.स. 706 च्या भित्तिचित्रात एक सेवक हातात तबक घेऊन चाललेला आहे आणि तबकात छोटे खडक आणि छोटी झाडं आहेत. बोन्सायची वंशावळ सांगणारे या चित्रापासून सुरुवात करतात. पण बोन्सायवाल्यालाही निसर्ग पुरता शरण येत नाही. छाटून, उपाशी ठेवून पानं लहान करता येतात, फळ करता येत नाही. दीड फूट उंचीच्या सफरचंदाला लागणारं फळ नेहमीच्याच मापाचं असतं आणि ते लागलं की क्षणात सगळं प्रमाण कोसळतं.

युरोपात हा प्रश्न नाताळच्या गोठ्यानं सोडवला, आणि तोही हसतखेळत. संत फ्रान्सिसनं 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी ख्रिस्तजन्माचा देखावा केला तो खऱ्या बैल-गाढवाचा होता. मूर्ती लहान झाल्या त्या नंतर, आणि अठराव्या शतकात नेपल्सला या देखाव्याचं अक्षरशः वेड लागलं. बूर्बाँ घराण्यातला राजा कार्लो स्वतः त्यात रमायचा. बाळ येशू एका कोपऱ्यात आणि भोवती अख्खं नेपल्स: मासे विकणारे, खाणावळी, टोपल्यांतली चिमुकली कलिंगडं. ज्या डोंगरावर हे सगळं वसतं त्याला तिथले लोक ‘स्कोल्यो’, म्हणजे खडक, म्हणतात. हा खडक बुचाचा असतो. (आपल्याकडे रात्री पांढरी फुलं ढाळणारा बूच वेगळा, हा भूमध्य समुद्राकाठचा ओक, ज्याची साल दर नऊ-दहा वर्षांनी सोलून काढतात.) ती साल इतकी खरबरीत, भोकाभोकांची असते की तुटका कडा म्हणून ती सहज खपते. त्याच शतकात रोम पाहायला येणाऱ्या श्रीमंत प्रवाशांसाठी आंतोन्यो कीकी याच बुचातून कोलोसियम आणि पडकी देवळं कोरत होता. जर्मनीत कासेल आणि डार्मश्टाट इथं ती अजून पाहायला मिळतात. दोन हजार वर्षं पाऊस खाल्लेला दगड हुबेहूब दाखवायला दगड चालला नाही, झाडाची साल चालली.

गोठ्यातली हिरवळ म्हणजे शेवाळ. इटली, स्पेन, दक्षिण जर्मनी, सगळीकडे डिसेंबरात रानात जाऊन शेवाळाच्या गाद्या उचलून आणायच्या आणि बुचाच्या डोंगरावर पसरायच्या. महिनाभर शेवाळ बरं दिसतं, थोडं पाणी मारलं तर हिरवंही राहतं. आल्प्सच्या खोऱ्यांत तर ‘वुर्त्सेलक्रिपे’, म्हणजे मुळाचा गोठा, असा एक प्रकारच आहे. ओढ्यात वाहून आलेलं झाडाचं मोठं वाकडंतिकडं मूळ घ्यायचं आणि त्याच्या बेचक्यात, ढोलीत बाळ, मरिया, जोसेफ बसवायचे. इथं मुळाची गुहा झाली आहे. झाड व्हायला त्याला बराच अवकाश होता.

काही ठिकाणी पेरतातही. फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात संत बार्बराच्या दिवशी, 4 डिसेंबरला, बशीत गहू पेरतात. नाताळपर्यंत ते वीतभर होतात आणि मातीच्या बाहुल्यांच्या मागे शेत म्हणून उभे राहतात. माल्टामध्ये ‘जुलबिना’ नावाचं कडधान्य कापसावर पेरून अंधारात ठेवतात. ऊन न मिळाल्यामुळे त्याचे पांढरेफटक लांब दोरे वाढतात आणि ते गोठ्याभोवती मांडतात. गोव्यात नाताळच्या गोठ्यासाठी नाचणी पेरतात. हे वाचताना मला घटस्थापनेची परडी आणि चैत्रगौरीपुढची आरास आठवते. आमच्या शेजारच्या काकू चैत्रगौरीपुढे वाट्यांमध्ये गहू उगवून त्यात लाकडी हरणं ठेवायच्या. कुणी कुणाचं उचललं हे शोधण्यात अर्थ नाही. चार-आठ दिवसांची हिरवळ हवी असेल तर माणूस कुठलाही असो, हात धान्याच्या डब्याकडे जातो.

आता एक चित्रकार. टॉमस गेन्सबरो पोट भरायला श्रीमंतांची व्यक्तिचित्रं काढायचा आणि मन रमवायला निसर्गचित्रं. निसर्गचित्रासाठी त्याला दर वेळी रानात जायची गरज वाटत नसे, कारण रान त्याच्या टेबलावर होतं. तो 1788 मध्ये वारला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जोशुआ रेनल्ड्सनं रॉयल अकॅडमीत त्याच्यावर व्याख्यान दिलं आणि ही गंमत सांगितली: गेन्सबरो टेबलावर फुटके दगड, वाळलेल्या वनस्पती आणि आरशाचे तुकडे मांडायचा आणि त्यांच्याकडे बघून चित्रात खडक, झाडं आणि पाणी रंगवायचा. दुसऱ्या एका परिचितानं याहून बारकावे लिहून ठेवले आहेत. पुढची जमीन बुचाची किंवा कोळशाची, मधली वाळूची नाहीतर मातीची, झुडपं शेवाळ आणि दगडफुलाच्या जातीची, आणि लांबवरची अरण्यं ब्रोकोलीची.

ब्रोकोलीचं अरण्य! हे वाचून हसू येतं, पण मंडईतून आणलेल्या फ्लॉवरचा गड्डा एकदा डोळ्यांच्या पातळीला धरून पाहावा. एक तुरा मोडला तर तोही गड्ड्यासारखाच दिसतो, त्यातला तुकडा मोडला तर तोही. झाडाचं असंच असतं. फांदी म्हणजे छोटं झाड आणि डहाळी म्हणजे त्याहून छोटं. लिओनार्दोनं आपल्या वह्यांत टिपून ठेवलं होतं की कुठल्याही उंचीला सगळ्या फांद्यांची जाडी एकत्र केली तर ती बुंध्याएवढी भरते. तुकडाही अख्ख्यासारखाच दिसण्याच्या या गुणाला 1975 मध्ये बेन्वा मांडेलब्रोनं ‘फ्रॅक्टल’ हे नाव दिलं. मॉडेलवाल्यांचं सारं दुकान या एका गुणावर चालतं. झाडाला स्वतःचं माप नसतं. शेजारी माणूस उभा करेपर्यंत ते केवढं आहे हे कळत नाही. म्हणून तुरा अरण्य होऊ शकतो. माणसाचं असं होत नाही, माणसाचं बोट कापून छोटा माणूस मिळत नाही.

गेन्सबरोच्या आरशाच्या तुकड्यांवर तर माझं विशेष प्रेम आहे. आमच्या किल्ल्याचं तळंही फुटक्या आरशाचंच असायचं.

राजेरजवाड्यांचा मार्ग वेगळा. चौदाव्या लुईचा युद्धमंत्री लूव्वा यानं 1668 पासून फ्रान्सच्या तटबंदीच्या शहरांची एकास सहाशे प्रमाणात मॉडेलं करवून घ्यायला सुरुवात केली. त्यांतली बरीच आज पॅरिसच्या अँव्हालीदमध्ये आहेत. त्यांतल्या कुरणांवर बारीक कातरलेलं रेशीम भुरभुरवलेलं आहे आणि झाडं पीळ दिलेल्या तारेवर रेशीम गुंडाळून केलेली आहेत. एकास सहाशेला दहा मीटरचं झाड पावणेदोन सेंटिमीटरच होतं, तेव्हा रेशीम पुरतंही. पण मुख्य कारण वेगळं असावं. वेढा कसा घालायचा हे या मॉडेलांवर ठरायचं. पुढच्या वर्षी बुरशी येईल अशी वस्तू तिथं कोण लावेल?

‘डायोरामा’ हा शब्द आला तो मात्र मॉडेलांतून नव्हे, नाटकशाळेतून. लुई दागेरनं 1822 मध्ये पॅरिसमध्ये या नावाचं थिएटर काढलं: प्रचंड पारदर्शक पडदे, त्यांवर मागून-पुढून पाडलेला प्रकाश आणि अंधारात बसलेले प्रेक्षक. 1831 मध्ये माँ ब्लाँ पर्वताचा देखावा करताना त्यानं पडद्यापुढे खरीखुरी लाकडी झोपडी आणली आणि गोठ्यात जिवंत बकरी बांधली. चित्र कुठं संपतं आणि बकरी कुठं सुरू होते यावर तेव्हा बरीच चर्चा झाली म्हणे.

तो शब्द पुढे वस्तुसंग्रहालयांनी उचलला. कार्ल एकली या अमेरिकी माणसानं 1890 मध्ये मिलवॉकीच्या संग्रहालयात पाणथळीतल्या मस्करॅट नावाच्या उंदरांचा देखावा केला. तिथलं माप खरं, एकास एक. तिथं खरी पानं लावायला हरकत नव्हती, पण ती आठवड्यात सुकतात आणि संग्रहालयाला ती शंभर वर्षं हवी असतात. एकलीनं प्रत्येक पानाचा प्लास्टरचा साचा काढून मेणाची पानं ओतली. शिकागोच्या फील्ड म्युझियमसाठी हरणांचे चार ऋतू करताना त्याच्या बायकोनं, डीलियानं, अशी सतरा हजारांच्या आसपास पानं हातानं केली. नाव झालं ते एकलीचं.

आणि जिवंत झाडानं सूड कसा उगवला ते ‘किंग काँग’च्या वेळी दिसलं. हा सिनेमा 1933 चा. विलिस ओब्रायन छोट्या जंगलात बाहुलीचा गोरिला केसभर हलवायचा, एक फ्रेम घ्यायचा, परत हलवायचा. दिवसभर राबल्यावर पडद्यावर जेमतेम काही सेकंद मिळायचे. त्या जंगलात थोडी खरी झाडंही लावलेली होती. एकदा शॉट धुऊन आल्यावर पाहतात तर गोरिलाच्या मागे एक फूल सर्रकन उमलतंय. कळी दिवसभर कुणाच्या नकळत उमलत राहिली होती आणि सगळ्यांची मेहनत वाया गेली होती. ही गोष्ट सिनेमावाले आवडीनं सांगतात. मला ती ऐकली की भाऊबीजेचे अळीव आठवतात.

दहा-वीस वर्षं टिकणारं आणि तरीही खऱ्या वनस्पतीचं रान उभं केलं ते खेळण्यातल्या रेल्वेनं. जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीनं 1935 मध्ये रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटरवर आणलं. पुढे एकास सत्त्याऐंशी हे प्रमाण स्थिरावलं, त्याला ‘एचओ’ म्हणतात. तोवरच्या मोठ्या खेळण्यातल्या गाड्यांशेजारी जर्मनीच्या एर्त्सगेबिर्ग डोंगरातली लाकडी झाडं शोभत असत. तिथले कारागीर काठीच्या लाकडाच्या ढलप्या पटाशीनं वळ्यावळ्यांत उचलून, न तोडता, तिचं सूचिपर्णी झाड करतात. बघत राहावं असं ते काम असतं. पण या लहान गाडीशेजारी ते खेळणंच दिसायचं. एचओमध्ये दहा मीटरचं झाड साडेअकरा सेंटिमीटरचं होतं, आणि गाडी जितकी हुबेहूब तितकं झाडही हुबेहूब लागतं.

तिथं आलं ‘आइसलँड मॉस’. दुकानात याच नावानं मिळतं: हिरव्या, तांबूस, पिवळ्या रंगात बुडवलेले मऊ स्पंजासारखे पुंजके. एक चिमटीनं तोडून गोंदावर टेकवला की झुडूप तयार, तारेच्या बुंध्यावर चार लावले की झाड. आता गंमत अशी की ते आइसलँडचं नाही आणि मॉसही नाही. फिनलंड-स्वीडनच्या जंगलात रेनडिअर जे खातात ते हे, क्लॅडोनिया नावाचं. बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार, म्हणजे लायकेन. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल हे याचंच भावंड. फिनलंडचं हायलुओतो बेट याच्या निर्यातीसाठी ओळखलं जातं. तिथून ते जर्मनीत जायचं, मुख्यतः थडग्यांवरच्या चक्रांसाठी. झुकझुक गाडीनं त्यातला आपला वाटा उचलला.

या बाजारात नावाचं आणि वस्तूचं कधी जमतच नाही. झाडांच्या सांगाड्यासाठी जगभर वापरतात तो ‘सीफोम’ समुद्रात होत नाही. आशियाच्या कोरड्या, वालुकामय मैदानांवर येणारं टेलॉक्सिस अरिस्टाटा नावाचं ते वर्षायू रोपटं, चाकवताच्या कुळातलं. ‘एअर फर्न’ म्हणून हिरवी नाजूक पिसं विकतात, तो फर्न नाही, वनस्पतीही नाही. समुद्रतळावरच्या सूक्ष्म प्राण्यांची ती वसाहत, वाळवून हिरवी रंगवलेली.

लायकेन नुसतं वाळवलं तर हातात कुस्करतं. म्हणून त्याला पाणी आणि ग्लिसरीनच्या रंगीत द्रावणात मुरवतात. ग्लिसरीन हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि लायकेन मऊ राहतं. युरोपच्या कोरड्या घरांत हे फार छान चालतं. मी हौसेनं मागवलेलं पाकीट जुलैत मुंबईत उघडलं आणि एका टेकडीवर सगळं रान लावून टाकलं. ग्लिसरीननं मुंबईच्या पावसाळ्यातला ओलावा इतक्या आवडीनं धरला की पंधरवड्यात झाडं घामाघूम झाली, हिरवा रंग ओघळून रुळांपर्यंत आला आणि गणपतीच्या सुमारास एका झुडपावर पांढरी बुरशी उगवली. ती बुरशी मात्र प्रमाणात होती, हे कबूल करायला हवं.

लायकेनची दुसरी अडचण अशी की ते वर्षाला जेमतेम तीन ते पाच मिलिमीटर वाढतं. टेबलावरचं पाच सेंटिमीटरचं झुडूप म्हणजे उत्तरेतली दहा-पंधरा वर्षं. एकदा ओरबाडलेला पट्टा परत भरायला दशकं लागतात, आणि रेनडिअरांना हिवाळ्यात दुसरं फारसं खायला नसतं. युरोपीय संघानं 1992 मध्ये अधिवासांच्या रक्षणाचा कायदा केला तेव्हा ज्यांच्या तोडणीवर लक्ष ठेवायचं अशा जातींच्या यादीत ही क्लॅडोनिया आली. नाताळच्या गोठ्यात शोभणारं ल्यूकोब्रियम हे गुबगुबीत शेवाळही त्याच यादीत आलं. छोटी जंगलं करायला मोठी जंगलं सोलली जात होती, असा याचा सरळ अर्थ.

लायकेनला पर्याय तोवर निघालेला होता: अमेरिकेत 1975 मध्ये वुडलँड सीनिक्स ही कंपनी निघाली आणि तिनं रंगीत फोमचा चुरा विकायला सुरुवात केली. त्याआधी लोक रंगवलेला लाकडाचा भुसा पसरायचे. आता तर नायलॉनचे बारीक तंतू विजेच्या भारानं जमिनीवर ताठ उभे करतात, लेझरनं कागदाची नेची कापतात. तरीही झाडाचा सांगाडा यंत्राला नीट जमत नाही. तारेचं झाड चांगलं होतं, पण एकाला अख्खी संध्याकाळ जाते. त्यामुळे फोमच्या चुऱ्याखाली आजही बहुतेक वेळा सीफोमचीच काडी असते. वास्तुरचनाकारांच्या मॉडेलांत घोसाळ्याच्या वाळलेल्या जाळीची हिरवी रंगवलेली कुंपणं दिसतात. जर्मन वास्तुरचनाकारांचं आवडतं झाड म्हणजे रस्त्याकडेला उगवणाऱ्या ॲकिलियाचा वाळका तुरा.

मुळाची पाळी आली ती रणगाड्यांमुळे. जपानच्या तामिया कंपनीनं 1961 च्या सुमारास पँथर रणगाड्याचं मोटारवर चालणारं मॉडेल काढलं. मोटार आणि बॅटऱ्या आत मावल्या पाहिजेत एवढाच हिशेब होता; नंतर मोजलं तर प्रमाण एकास पस्तीस निघालं. आज जगभरची लष्करी मॉडेलं या अपघाती मापात होतात. 1970 च्या दशकात शिकागोच्या शेपर्ड पेननं मोनोग्राम कंपनीच्या खोक्यांत घालायच्या पत्रकांतून दाखवलं की रणगाडा नुसता फळीवर ठेवायचा नसतो. त्याच्याभोवती चिखल, भिंत, माणसं, झाडं उभी करून एक गोष्ट सांगायची असते. 1980 मध्ये डायोरामा कसा करावा यावर त्याचं पुस्तक आलं आणि कित्येकांचा दिवाणखाना कायमचा बिघडला.

एकास पस्तीसला दहा मीटरचं झाड जवळजवळ एकोणतीस सेंटिमीटरचं होतं. एवढ्या मापात लायकेन उपयोगाचं नाही. बुंध्याला साल, वळण, ढोली दिसायला हव्यात. शिवाय युद्धातलं झाड बहुधा निष्पर्ण असतं. 1944 च्या डिसेंबरातलं आर्देनचं जंगल किंवा तोफांनी झोडपलेली बाग दाखवायची तर पानांमागे लपायची सोय नाही, सांगाडाच उभा राहतो. साधी डहाळी तोडून लावली की ती डहाळीच दिसते. का, हे कळायला मला बराच काळ लागला. खोडाला पेरं असतात आणि पेरापेराला पान गळल्याची खूण असते. ती खूण पस्तीसपट केली की वाटीएवढी होते. मुळाला पेरं नसतात. मूळ सलग निमुळतं होत जातं, कुठंही फाटा काढतं, वाटेत दगड आला तर त्याला वळसा घालतं. शंभर वर्षं वारा खाल्लेल्या झाडाचं जे वळण असतं ते सहा महिन्यांच्या रोपट्यानं जमिनीखाली कमावलेलं असतं. फक्त ते उलटं करायचं.

मूळ सोटमूळ हवं. मका, गवत यांची तंतुमय मुळं झाडाच्या कामाची नाहीत. त्यांतला वाळा तेवढा मी जपून ठेवतो, तो कातरून छपरावरचं शाकार म्हणून फार छान बसतो. तुळस, रानतुळस, टाकळा, माठ हे चांगले. सर्वांत सोयीचा झेंडू, कारण दसरा-दिवाळीनंतर तो कुंड्यांतून उपटायचाच असतो. ओढायचा नाही, ओढला की बारीक मुळं कुंडीतच राहतात. कुंडी आडवी करून ढेकूळ तसंच बादलीत बुडवायचं आणि रात्रभर सोडायचं. सकाळी पाणी बदलत हलक्या हातानं गदगदवलं की माती सुटते आणि हातात केसांचा ओला झुबका येतो. इथं बहुतेकांचा धीर सुटतो, कारण त्यात झाड दिसत नाही. बुंध्याकडची बाजू थर्माकोलमध्ये रोवून मूळ उलटं उभं करायचं आणि सावलीत वाळताना दर दोन-तीन तासांनी सुईनं तंतू सुटे करत राहायचं. संध्याकाळी फांद्या दिसायला लागतात. मग पातळ फेविकॉलमध्ये भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकून फवारायचं. साबणामुळे द्रव थेंबा-थेंबानं साचत नाही, तंतूवर पसरतो, आणि वाळल्यावर टोकं सहजासहजी मोडत नाहीत.

पानं हवीच असतील तर त्यांची गोष्ट वेगळी. पाच सेंटिमीटरचं खरं पान एकास पस्तीसला पावणेदोन मीटरचं होतं, त्याखाली अख्खी तुकडी झोपेल. चहाचा वाळवलेला चोथा रानातला पाचोळा म्हणून चालतो, कडुनिंबाचा चुराही चालतो, पण जवळून पाहिलं की तो चुरा असतो. युरोपातल्या लोकांनी शोधलेली वस्तू मात्र लाजवाब आहे. बर्च झाडाचा वाळलेला तुरा चुरगाळला की त्यातून दोन गोष्टी पडतात: पंख असलेलं बी आणि ते झाकणारं तीन मिलिमीटरचं तीन पाळ्यांचं खवलं. ते खवलं मॅपलच्या पानाचं हुबेहूब छोटं रूप आहे. बर्च म्हणजे आपला भूर्ज. ज्याच्या सालीवर पोथ्या लिहिल्या गेल्या, त्याच्या तुऱ्यात रणगाड्याखाली पसरायचा पाचोळा निघाला. हिमालयात गेलेल्या एका मित्रानं मला कागदात बांधून मूठभर तुरे आणून दिले. ते दोन वर्षं पुरले.

यंदाही भाचरांनी गॅलरीत किल्ला केला. तुळशीच्या लग्नाआधी तो मोडायचा म्हणून गोणपाट उचललं तर ते सोडेना. अळिवाची मुळं ताग विणल्यासारखी त्याच्या धाग्याधाग्यांतून गेली होती आणि चिखलाचा सबंध कडा एका तुकड्यात हातात आला. धाकटीनं मावळे वेचले, थोरल्यानं माती कुंड्यांत भरली. त्या कुंड्यांतले झेंडू मी आदल्या रात्रीच बादलीत बुडवले होते. धाकटी बादलीत डोकावून बघत होती. तिनं एक झेंडू शेंड्याला धरून उचलला, पाणी निथळू दिलं, उलटा केला आणि एक डोळा मिटून त्याच्याशेजारी मावळा धरला.

"मामा," ती म्हणाली, "याला पानं नको लावूस."

दुपारपर्यंत थर्माकोलवर सहा झाडं उभी होती. एक वाकडं निघालं, बुंध्यापाशी चांगलं आडवं गेलेलं. कुंडीत तिथं खापरीचा तुकडा होता.